पार्किन्सन्समध्ये पाय अडतात, त्यासाठी अंगावर घालायचं उपकरण: सेन्सर निवडण्याआधी काय ठरवायचं?

प्रश्न असा आलाय: "माझ्या आजोबांना नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. दारातून जाताना आणि वळताना त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. दोनदा पडलेही. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. बुटाच्या तळाशी सेन्सर बसवायचा, पाय अडला की तो ओळखायचा आणि व्हायब्रेशन द्यायचं, असं उपकरण प्रोजेक्ट म्हणून करायचंय. सेन्सर कुठला घेऊ आणि अल्गोरिदम कुठला लावू?"

आधी मीच एक विचारतो. आजोबा घरात बूट घालतात का?

आपल्याकडे चपला-बूट दाराशी सुटतात. पाय मात्र अडतात ते घरात: स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, संडासाच्या दारात, रात्री अडीचला लघवीला उठल्यावर. म्हणजे उपकरण बाहेरच्या रॅकमध्ये आणि आजोबा आत अडकलेले. ही चूक मी केलेली आहे. सुरुवातीच्या काळात परदेशातले लेख वाचून बुटात घालायचा इनसोल बनवण्यात सहा महिने घालवले आणि ज्या पहिल्या घरी तो नेला तिथे तो दाराबाहेरच राहिला. तेव्हापासून मी आधी घर बघतो, मग माणसाचं चालणं बघतो आणि सेन्सरचा विचार सगळ्यात शेवटी करतो. तुम्हीही याच क्रमानं जावं असं मला मनापासून वाटतं.

पाय अडतो म्हणजे नेमकं काय होतं, ते समजल्याशिवाय उपकरण सुचत नाही. पाऊल किती लांब टाकायचं, कधी टाकायचं, त्याआधी वजन दुसऱ्या पायावर कसं न्यायचं, हे आपण ठरवून करत नाही. ते आपोआप होतं. हे 'आपोआप' सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाला, बेसल गँग्लियाला, पार्किन्सन्समध्ये डोपामिन कमी पडतं आणि पावलं लहान होत जातात, घसटतात, मधेच थांबतात. माणसाला पुढे जायचं असतं, धड पुढे जातंही, पण पाय जागेवर राहतात. म्हणून तोल पुढे जाऊन पडणं होतं.

पण बघून, ऐकून, ठरवून हालचाल करण्याचा मेंदूतला दुसरा रस्ता बराचसा शाबूत असतो. सपाट फरशीवर अडणारा माणूस जिना सहज चढतो तो याच रस्त्यानं. २०१० साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ५८ वर्षांच्या एका गृहस्थांचा व्हिडिओ प्रसिद्ध केला होता: चार पावलं टाकताना ज्यांची दैना व्हायची, ते सायकलवर बसल्यावर झोकात फेरी मारून येत होते. पुण्याच्या मिलेहा सोनेजी यांना हेच आपल्या काकांमध्ये दिसलं. सपाटीवर वॉकर लागणारे काका जिना मात्र बिनधास्त उतरायचे. नेदरलँड्समध्ये डिझाइन शिकणाऱ्या मिलेहांनी मग जिन्याच्या पायऱ्यांचं चित्रच जमिनीवर अंथरलं, आणि काका त्यावरून चालत गेले. त्यात ना सेन्सर होता, ना बॅटरी.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र नेहमी एक दुसरं घर येतं. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले एक काका. मी गेलो तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात अडले होते. टाचा उचललेल्या, गुडघे थरथरत होते, दोन्ही हात चौकटीवर. मुलगा मागून म्हणत होता, "बाबा, चला ना, पाय उचला." त्यानं थरथर वाढली. तेवढ्यात काकू ओट्यापासून आल्या. ओढलं नाही, ढकललं नाही. आपलं उजवं पाऊल त्यांच्या पावलांपुढे आडवं ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, माझा पाय ओलांडा." काकांनी मान खाली घातली, पाहिलं, गुडघा वर आला आणि ते आत गेले. दीड वर्ष त्या हे दिवसातून वीसेक वेळा करत होत्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तुम्हाला जे बनवायचंय ते म्हणजे काकूंचं हे आडवं पाऊल. उपकरण पायाला बळ देत नाही. ते लक्षाला पकडायला काहीतरी देतं. इंग्रजीत याला क्यू म्हणतात, मी 'खूण' म्हणतो. आजोबांना कुठली खूण चालते, हा तुमच्या प्रोजेक्टचा पहिला प्रश्न. ती शोधायला पैसे जवळपास लागत नाहीत.

एक आठवडा नुसतं बघा आणि वहीत लिहा. किती वाजता, घरात कुठे, वळताना की निघताना की पोचताना, हातात काही होतं का, कुणी बोलत होतं का, शेवटची गोळी कधी घेतली होती. गोळीची वेळ फार महत्त्वाची. लेव्होडोपाचा (मेंदूतलं डोपामिन भरून काढणाऱ्या गोळीचा) असर असताना 'ऑन' आणि उतरल्यावर 'ऑफ', असं शुभार्थी स्वतःच सांगतात. (पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला ते शब्द आवडतात, मी तेच वापरतो.) पाय फक्त ऑफमध्ये अडत असतील तर ती वही आधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. गोळ्यांच्या वेळा बदलून जे सुटतं त्यासाठी उपकरण बनवू नये.

मग खुणा करून बघा. पहिली, डोळ्यांची. फरशीच्या रंगाला उठून दिसणारी, चकाकी नसलेली चिकटपट्टी आणा आणि नेहमी अडतात तिथे चालण्याच्या दिशेला आडव्या पट्ट्या लावा. दोन पट्ट्यांमधलं अंतर आजोबांच्या चांगल्या, मोकळ्या पावलाएवढं ठेवा; ऑन असताना दहा पावलांचं अंतर मोजून दहानं भागलं की ते मिळतं. जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीचे सांधे हेच काम आपसूक करतात. नूतनीकरणात मोठ्या, पांढऱ्या, चकचकीत टाइल्स बसवल्यावर वडिलांचं चालणं बिघडलं, असं मला किमान चार घरांत सांगितलं गेलं आहे. पट्टी उंचवट्याची नको, कडा सुटलेल्या नकोत. अडखळायला तेवढं पुरतं.

दुसरी, कानांची. आजोबांची नेहमीच्या चालीतली पावलं अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा. तेवढ्या ठोक्यांवर मोबाइलमधला मेट्रोनोम, म्हणजे एकसारखा ठेका देणारं ॲप, लावा. ज्यांचे पाय अडतात त्यांना स्वतःच्या चालीपेक्षा सुमारे १० टक्के संथ ठेका बरा पडतो आणि ज्यांचे अडत नाहीत त्यांना थोडा जलद, असं संशोधनात दिसलं आहे. माझा अनुभवही तोच. पण मेट्रोनोमची टिकटिक म्हाताऱ्या माणसांना आवडत नाही. एक आजी त्यावर जागच्या हलायच्या नाहीत, टाळाच्या ठेक्यावर मात्र 'ग्यानबा तुकाराम' म्हणत पाऊल टाकायच्या. आयुष्यभर वारी केलेल्या त्या. मेंदूत जो ठेका आधीपासून मुरलेला आहे तो वापरा.

तिसरी खूण त्वचेची, म्हणजे तुम्हाला हवं असलेलं व्हायब्रेशन. ते कुणाला ऐकू येत नाही, चारचौघांत संकोच वाटत नाही, रस्त्यावर हॉर्न ऐकू येतो. पण आजोबांना मधुमेह असेल तर तळपायाची संवेदना आधीच कमी असू शकते. मोटर मनगटावर किंवा नडगीवर ठेवा. दोन मोटर्स घेऊन डावी-उजवी आळीपाळीनं वाजवा. पाऊल उचलायच्या आधी वजन बाजूला सरकावं लागतं आणि पाय अडतो तेव्हा हे सरकणंच बहुधा झालेलं नसतं. डाव्या अंगाला कंप आला की डावीकडे झुकायचं, उजवा पाय मोकळा होतो. हे फिजिओथेरपिस्टबरोबर बसून आजोबांकडून आठ-दहा दिवस घटवून घ्यावं लागतं. सराव न करता हातात दिलेली खूण म्हणजे नुसता त्रास.

लेझरचं काय, असं विचाराल. नेदरलँड्समध्येच लेझर लावलेल्या बुटांवर चांगलं काम झालंय. ज्या पायावर वजन आहे त्याच्या पुढ्यातला लेझर पेटतो आणि दुसऱ्या पायानं ओलांडायची रेघ जमिनीवर उमटते. प्रयोगशाळेत, औषधाचा असर नसताना, अडण्याचे प्रसंग सुमारे ४६ टक्क्यांनी कमी झाले. कल्पना सुंदर आहे. आपल्याकडे बूट घरात येत नाहीत म्हणून मी लेझर काठीवर किंवा कमरेच्या पट्ट्यावर लावतो. हिरवी रेघ लालपेक्षा ठळक दिसते, पण दुपारच्या उन्हात अंगणात दोन्ही पुसल्या जातात. १ मिलिवॅटच्या वर जाऊ नका. घरात रांगणारी नातवंडं असतात, त्यांचे डोळे बरोबर त्याच उंचीवर. वळताना कमरेवरची रेघ शरीराबरोबर गरकन फिरते आणि उपयोगाची राहत नाही, तेव्हा आजोबांना जागच्या जागी वळण्याऐवजी मोठा अर्धवर्तुळाकार फेरा घ्यायला शिकवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, पाय अडलेला ओळखायचा कसा. २००८ पासून एक सोपं माप वापरात आहे. चालताना पायाची हालचाल मुख्यतः ०.५ ते ३ हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला अर्धा ते तीन वेळा, असते. अडल्यावर जी थरथर होते ती ३ ते ८ हर्ट्झमध्ये. दुसऱ्या पट्ट्यातल्या शक्तीला पहिल्यातल्या शक्तीनं भागलं की येतो फ्रीझ इंडेक्स. तो ठरावीक हद्दीपलीकडे गेला की पाय अडला असं धरायचं. २०१० साली झुरिक आणि तेल अवीवच्या गटानं नडगी, मांडी आणि कंबर अशा तीन जागी सेन्सर बांधून १० जणांवर हे करून पाहिलं. अडण्याचे २३७ प्रसंग नोंदले गेले, संवेदनशीलता (खरं अडणं पकडण्याचं प्रमाण) ७३.१ टक्के आणि विशिष्टता (अडलेलं नसताना 'नाही' म्हणण्याचं प्रमाण) ८१.६ टक्के आली. तो डेटा 'डॅफनेट' नावानं खुला आहे. तुमचा अल्गोरिदम आधी त्यावर चालवा, आजोबांना तोवर त्रास नको.

मात्र या मापाच्या मर्यादा ओळखून घ्या. सगळेच थरथरत अडत नाहीत. काही जण खांबासारखे उभे राहतात, तिथे मोजायला थरथरच नसते. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पायाचा कंप ४ ते ६ हर्ट्झचा, म्हणजे अगदी त्याच पट्ट्यात. औषधाचा असर जोरात असताना होणाऱ्या वेड्यावाकड्या हालचालीही फसवतात. आणि खड्ड्यांतून जाणारी रिक्षा! आमच्या एका यंत्रानं दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर शुभार्थींना सतत 'अडलेलं' ठरवलं होतं. माणूस बसलाय की उभा, हे आधी ओळखलं की यातलं बरंच निस्तरतं.

त्याहून मोठी अडचण वेळेची. इंडेक्स काढायला काही सेकंदांचा डेटा लागतो, म्हणून ओळख पटेपर्यंत एक-दोन सेकंद जातात. अडणं बहुतेक वेळा दहा सेकंदांच्या आतलंच असतं, आणि तोल पहिल्या सेकंदातच जातो. म्हणून माझा सल्ला असा की ओळखण्यावर सगळं अवलंबून ठेवू नका. काठीच्या मुठीत मोठं, सहज दाबलं जाणारं बटण द्या. दार येतंय हे आजोबांना यंत्राच्या आधी कळतं. आपोआप ओळखणं त्याला जोड म्हणून ठेवा. आणि खूण अशी निवडा की ती चुकून वाजली तरी काही बिघडत नाही. शांत, ठेक्यातला कंप दोनदा उगाच आला तर माणूस चालत राहतो. कर्कश बझर उगाच वाजला तर दचकून तिथेच अडतो. चुकीचा इशारा निरुपद्रवी असला की हद्द खाली आणता येते आणि खरे प्रसंग निसटत नाहीत.

सेन्सर कुठलाही साधा, सहा अक्षांचा (तीन दिशांचं त्वरण आणि तीन दिशांचं फिरणं मोजणारा) चालेल. बाजारातली स्वस्त चिपही पुरते, सेकंदाला ६४ ते १०० नोंदी पुष्कळ झाल्या. पण एक गोष्ट मी तीन आठवडे वाया घालवून शिकलोय, ती लिहून ठेवा. आमचं यंत्र पाय अडल्याचं बरोबर ओळखायचं, कंप सुरू करायचं आणि मग माणूस चालू लागला तरी थांबायचंच नाही. शुभार्थी वैतागून पट्टा काढून ठेवायचे. कोड दहादा तपासला. शेवटी एका संध्याकाळी यंत्र टेबलावर ठेवून मोटर चालू केली आणि ग्राफ पाहिला: टेबलावरचं यंत्र 'थिजलेलं' दिसत होतं. मोटर सेकंदाला १९७ फेरे घेत होती आणि आम्ही सेकंदाला ६४ नोंदी घेत होतो. नोंदी कंपापेक्षा संथ असल्या की पटीतून उरलेला फरकच संथ थरथर म्हणून दिसतो. ६४ त्रिक १९२, उरले ५. मोटरचा कंप आमच्या नोंदीत ५ हर्ट्झची थरथर बनून उतरत होता, बरोबर फ्रीझच्या पट्ट्यात. चिपमधला लो-पास फिल्टर, म्हणजे वेगवान कंप गाळणारी सोय, मूळ सेटिंगवर, म्हणजे जवळपास उघडाच राहिला होता. तो २० हर्ट्झच्या आसपास आणला, मोटर आणि सेन्सर यांच्यामध्ये फोमची चकती घातली, मोटर चालू असतानाच्या नोंदी निर्णयातून वगळल्या, आणि प्रश्न सुटला. तुम्ही पहिल्याच दिवशी हे करा.

बांधायचं कुठे? नडगीवर सिग्नल सगळ्यात स्वच्छ मिळतो. पण दिवसभर बसून आणि काही औषधांमुळे घोटे संध्याकाळपर्यंत सुजतात. सकाळी ठीक असलेला पट्टा रात्री वळ उठवतो. ताणणारा, रुंद पट्टा घ्या आणि तो एका हातानं, बोटं न वापरता, नुसत्या तळव्यानं दाबून बसला पाहिजे. बकल नको, बारीक हूक नको. कमरेवर मागच्या बाजूला एकच सेन्सर ठेवला तरी काम भागतं. तिथे पायजम्याच्या नाडीला, साडी नेसणाऱ्या आजींच्या परकराच्या नेफ्याला अडकणारी चपटी क्लिप करा. कमरेला वेगळा पट्टा बांधायचा म्हटलं की बायका सरळ नाही म्हणतात आणि संडासात तो अडचणीचा होतो, हेही खरंच आहे.

चार्जिंगचा विचार आजोबांचे हात बघून करा. बारीक सॉकेटमध्ये पिन घालणं त्यांना जमणार नाही. नुसतं ठेवलं की लोहचुंबकानं चिकटणारा स्टँड करा आणि तो गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवा. गोळ्या दिवसातून चार-पाच वेळा घ्याव्याच लागतात, त्यामुळे तिथे हात जातोच.

रात्रीसाठी अंगावरच्या उपकरणावर भिस्त ठेवू नका. झोपताना ते काढलेलं असतं, गोळीचा असर उतरलेला असतो, लघवीची घाई असते, अंधार असतो. पलंगापासून संडासापर्यंत पट्ट्या आणि माणूस हलला की पेटणारा, घोट्याच्या उंचीवरचा दिवा, एवढं आजच करा. प्रोजेक्ट पूर्ण व्हायला सहा महिने लागतील, आजोबांना आज रात्रीही उठायचं आहे.

चाचणी घेताना एक विचित्र गोष्ट दिसेल. घरी दर तासाला अडणारा माणूस कॉलेजच्या लॅबमध्ये सगळ्यांसमोर ताठ चालतो. लक्ष सगळं चालण्यावर असतं म्हणून. अडणं बाहेर काढायचं तर जागच्या जागी पूर्ण गिरकी घ्यायला सांगा, दोन्ही बाजूंनी, शक्य तितक्या भरभर. किंवा हातात पाण्याचा ट्रे देऊन दारातून पाठवा, किंवा शंभरातून सात-सात वजा करत चालायला सांगा. हे करताना अगदी जवळ, हाताच्या अंतरावर, फिजिओथेरपिस्ट उभा असलाच पाहिजे, कमरेला धरायचा पट्टा बांधलेलाच पाहिजे. आजोबांशिवाय इतर कुणावर चाचणी घेणार असाल तर कॉलेजच्या किंवा जोडलेल्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी. 'प्रोजेक्टच तर आहे' म्हणून हे टाळू नका. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, ते तुम्ही एकदा ऑर्थोपेडिक वॉर्डात जाऊन बघून या. शुभार्थी आणि शुभंकर भेटायला हवे असतील तर पुण्यात मित्रमंडळ आहे, मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. यंत्र न घेता जा आणि पहिल्या भेटीत फक्त ऐका.

खुणेचा परिणाम किती टिकतो, याबद्दल आजोबांना खोटी आशा देऊ नका. २००७ साली युरोपात १५३ जणांवर घरच्या घरी खुणांच्या सरावाचा मोठा प्रयोग झाला. चालणं सुधारलं, पण खुणा काढून घेतल्यावर सहा आठवड्यांनी तो फायदा बराच ओसरला होता. म्हणजे उपकरण कायम वापरात राहील असंच हवं. काहींची बुद्धी मंदावत गेली की कुठलीच खूण पकडता येत नाही, तेव्हा यंत्र बाजूला ठेवून सोबतीला माणूस द्यावा लागतो. दुसरीकडे २०२४ च्या जानेवारीत हार्वर्ड आणि बॉस्टन विद्यापीठाच्या गटानं कमरेला आणि मांड्यांना बांधायचा मऊ रोबोटिक पोशाख प्रसिद्ध केला. पाऊल उचलताना मांडीला हलकासा ओढा देणारा. ७३ वर्षांच्या एका शुभार्थीचं बंद जागेत चालतानाचं अडणं त्यानं जवळपास नाहीसं झालं. माणूस एकच होता, पण खुणेऐवजी थेट हालचालीला हात देण्याची ती दिशा मला फार आशेची वाटते. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या आवाक्यातलं ते काम नाही. पुढे शिकणार असाल तर डोक्यात असू द्या.

त्या एसटीवाल्या काकांचं राहिलं. त्यांना आम्ही काठीवर बटणाचा लेझर दिला आणि नेफ्याला क्लिप. क्लिप त्यांनी दोन महिन्यांत सोडली. काठी अजून वापरतात, बाहेर जाताना. घरात उंबऱ्याच्या अलीकडे तीन पट्ट्या आहेत, पिवळ्या, एसटीच्या डेपोत जमिनीवर मारतात तशा. रंग काकांनीच निवडला. काकू दर सणाला फरशी धुतल्यावर त्या नव्यानं चिकटवतात, अंतर मोजायला काकांचीच जुनी चप्पल घेतात. दीड चप्पल म्हणजे एक पाऊल.